आक्काने थेंबही घेतला नव्हता

(कोल्हापुरात महिला मंडळांच्या आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. घरच्यांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.)



मला भाषणाची सवय नाही. छत्तीस वर्षे नर्सची नोकरी केली, पण त्यात बोलायचे ते एकेका बाईशी, पोट तपासता तपासता नाहीतर पोराला टोचता टोचता. शिबिर घेणाऱ्या ताईंनी विषय दिला, 'यकृताचा कॅन्सर आणि आपली राहणी'. मी म्हटले, असे नाव दिले तर बायका घरूनच म्हणतील, दारू पिऊ नका, हेच सांगणार ना ही? आम्ही कुठे पितो? मग नवऱ्यालाच पाठवतो शिबिराला! म्हणून मी आधी माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगते.

आक्का २००९ साली गेली. एकोणसाठ वर्षांची होती. वर्षभर तिला उजव्या बरगडीखाली दुखायचे. ती म्हणायची पित्त झालंय. जेवण कमी झाले, चोळी ढिली व्हायला लागली. मी म्हटले, चल दाखवू या. तर म्हणाली, "मला काय धाड भरलीया? मी आलो तुझ्यासंगं तर म्हसरांचं कोण बघणार?" घरात चार म्हशी होत्या, डेअरीला दूध जायचे, त्या पैशावर घर चालायचे. पुढे पोटात पाणी झाले तेव्हा उचलून आणली. सोनोग्राफीत यकृतात गाठ निघाली, चांगली मोठी. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेता का?" प्रश्न चुकीचा नव्हता, विचारायलाच हवा. पण ती नाही म्हणाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून असे हसून घेतले की जणू ही खोटे बोलते आहे. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो दुसऱ्या दवाखान्यात विचारला गेला, तीन आठवड्यांनी. तिथे रक्त तपासले आणि कळले की आक्काला हिपॅटायटिस बी आहे, आजचा-कालचा नाही, जन्मापासूनचा असावा. त्यानंतर ती दोन महिने जगली.

दहाव्याला नदीवर बायका आपापसात कुजबुजत होत्या ते मी या कानांनी ऐकले. "मालक घ्यायचा की रोज. तिनंबी घेतली असंल कवातरी." आक्काने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. उलट दाजींना शुद्धीवर आणायला तिने निम्म्या रात्री जागवल्या. पण यकृताने मेली म्हणजे दारूने मेली, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की मेलेल्या बाईलाही त्यातून सुटका नाही.

मी नर्स होते, तरी मला ओळखता आले नाही. ते मला अजून बोचते.

आता यकृताचे थोडे समजून घेऊ. यकृत लवकर दुखत नाही. निम्मे-पाऊण खराब झाले तरी ते काम ओढत राहते, आपल्यातल्या पुष्कळजणींसारखे. त्याला वर्षानुवर्षे सूज येत राहिली की जखमेवर व्रण धरावा तसे ते आतून कडक होत जाते, त्याला सिरॉसिस म्हणतात. यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा अशा कडक झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी असेल तर मात्र सिरॉसिस न होताही होऊ शकतो. सूज कशाने आली, दारूने, विषाणूने, चरबीने, हे त्या यकृताला सारखेच. फरक करतो आपण. दारूची सूज म्हणजे पाप, बाकीची सूज म्हणजे नशीब. म्हणून दारू पिणारी बाई डॉक्टरला खरे सांगत नाही आणि न पिणारी बाई आपल्याला काही होणार नाही म्हणून तपासतच नाही. दोघीही उशिरा येतात.

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. आपण सगळ्यालाच कावीळ म्हणतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, आठवते ना? हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. ती पाण्यातून आलेली कावीळ. पंचगंगेत जे सोडले जाते त्याचे ते फळ. ही पाण्याची कावीळ गरोदर बाईला फार वाईट, जीव जाऊ शकतो, म्हणून पाणी उकळा हे मी आजही ओरडून सांगते. पण ती एकदा बरी झाली की सहसा मागे काही ठेवत नाही. कॅन्सरपर्यंत नेणारी कावीळ वेगळी. ती रक्तातून येते, हिपॅटायटिस बी आणि सी. खेड्यात काही जण हिला पांढरी कावीळ म्हणतात, कारण डोळे पिवळे होतातच असे नाही. वीस-तीस वर्षे काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात २०२२ साली बी चे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण धरले आहेत. यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे याची खबरही नाही.

आमची आई १९७२ च्या दुष्काळात गेली. पोट फुगून गेली. तिला काविळीची माळ घातली होती, माळ लांब होत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणायचे. एकाने चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवले होते, मी लहान होते, मला ते खरे वाटले. मनगटावर डागही दिला होता. गावात करणी म्हणाले. आज मी ते जोडून बघते. आईकडून आक्काला, आईकडून मला, आईकडून भावाला. धाकट्या बहिणीला मात्र नाही, कसे कोण जाणे, ती सुटली.

कारण हा विषाणू बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाला लागतो. मोठ्या माणसाला लागला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर त्याला हुसकून लावते. तान्ह्या बाळाला लागला तर उलटे, शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. म्हणजे कॅन्सरचे बी ज्या दिवशी पडते तो दिवस पुष्कळदा जन्माचा दिवस असतो. याला राहणी म्हणायचे का? मग पत्रकात पहिली ओळ 'व्यसन टाळा' आणि लस कुठेतरी खाली, बारीक अक्षरात, असे का असते?

दुसरा रस्ता सुईचा. इथे मला माझ्या खात्याबद्दल आणि माझ्याबद्दलही बोलले पाहिजे. १९७९ साली मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. स्टोव्हवर उकळायच्या आणि वापरायच्या. वीस मिनिटे उकळायचे असा नियम. पण रॉकेल संपलेले असायचे, रांग देवळापर्यंत गेलेली असायची, एस.टी. गाठायची असायची. आम्ही दरवेळी वीस मिनिटे उकळल्या का? नाही. कधी सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली का? ठेवली. आम्हाला कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण किती महाग पडते ते कळले नव्हते. पुढे एकदा वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या, मग आपोआप अडकणाऱ्या आल्या. तरी २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरून हिपॅटायटिस बी ची साथ पसरली आणि पुष्कळ माणसे मेली. तेव्हा सिरिंज पाकिटातून समोर फोडा, हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आणि दुसरी गोष्ट, रागावू नका, पण आपल्यालाच सुईची हौस आहे. अशक्तपणा आला, एक सलाईन लावा. गोळी दिली तर डॉक्टर बरा नाही, टोचले तर बरा. नको असलेली प्रत्येक सुई हा एक उघडा दरवाजा आहे. जत्रेत एकाच सुईने गोंदवणे, एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी, हेही त्यातलेच.

तिसरा रस्ता रक्ताच्या बाटलीचा. अमिताभ बच्चन यांचे तुम्ही ऐकले असेल. १९८२ साली 'कुली'च्या वेळी अपघात झाला, पुष्कळ रक्त द्यावे लागले, त्यातून हिपॅटायटिस बी आला, आणि निम्म्याहून अधिक यकृत गेल्यावर कळले, असे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. त्यांनी सांगितले ते फार बरे केले. पण रक्ताची बाटली जास्त कुणाला लागते बघा. बाळंतपणात रक्तस्राव झालेली, सिझर झालेली, पिशवी काढलेली बाई. हिपॅटायटिस सी साठी रक्तपेढीत तपासणी सक्तीची झाली तीच या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी ज्यांना रक्त चढले आहे त्यांनी एकदा तरी तपासून घ्यावे. आज इथे अशा किती जणी आहेत? हात वर करू नका, मनातच मोजा.

आता माझ्या मुलीचे सांगते. तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "आई, सांग, पण नाव नको."

आक्का गेल्यावर आम्हा भावंडांना तपासून घ्यायला सांगितले. मला निघाला. मुलीला निघाला. मुलगी १९८५ ची, तेव्हा आपल्याकडे बाळाला ही लस देत नव्हते. तैवानने १९८४ पासून आधी विषाणू असलेल्या आयांच्या बाळांना आणि पुढे सगळ्या नवजात बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथे मुलांमधला यकृताचा कॅन्सर कमी झाला. आपल्याकडे बाहेरून येणारी लस महाग होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली तेव्हा किंमत खाली आली, आणि सरकारी लसीकरणात ती सगळ्या देशात यायला २०११ उजाडले. तर मी नर्स, दुसऱ्यांच्या हजारो पोरांना टोचणारी, आणि माझ्याच पोरीला माझ्याकडूनच गेला. मला त्यात दोष घेऊन बसायचे नाही. पण रात्री झोप लागली नाही हेही खरे.

मुलगी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने सासरी सांगितले. सांगायला नको होते का? मला वाटते सांगितले ते बरोबर. पण दुसऱ्या दिवशी तिचे ताट-वाटी वेगळे झाले. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या घरातली घाण आमच्या घरात आणली. आठवड्याने तिला माहेरी पोहोचवले, बाळंतपणासाठी म्हणून, पण पाच महिन्यांत कोण बाळंतपणाला येते? नवऱ्याला तपासून घे म्हटले तर तो म्हणाला, मला काय झालंय.

इथेच मला आपल्या चळवळीशी बोलायचे आहे. घरात पहिल्यांदा रक्त कुणाचे तपासले जाते? गरोदर बाईचे. सरकारी दवाखान्यात तीच पहिली सापडते. म्हणून जिच्यात सापडले तिनेच आणले, असा हिशेब होतो. एड्सच्या वेळी आपण हेच पाहिले. एचआयव्ही असलेल्यांना निदान २०१७ च्या कायद्याचा आधार आहे, नोकरीवरून, घरातून, दवाखान्यातून हाकलता येत नाही. तो कायदा हिपॅटायटिसला लागू नाही. आणि माझ्या जावयाचे काय झाले म्हणाल, तर वर्षाने तपासले, त्याला काही नव्हते. म्हणजे विषाणू माझ्या मुलीनेच आणला होता. मग? आणला म्हणून ती गुन्हेगार होते का? 'बायकोने नाही, नवऱ्याने दिला' असे निघाले असते तर सगळ्यांनी तिची बाजू घेतली असती. मला ती बाजू नको आहे. कुणाकडून आला हा प्रश्नच घराबाहेर काढला पाहिजे. त्याने जावयाने लसीचे तीन डोस घेतले, संपले.

आणि हेही ऐका. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, शिंकण्या-खोकण्याने हा लागत नाही. बाळाला लस दिली असेल तर आईने दूध पाजायला हरकत नाही. मुलीची गर्भारपणात तपासणी झाली. बाळंतपण झाल्यावर चोवीस तासांच्या आत बाळाला लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले. ते इंजेक्शन महाग होते, मी आदल्या महिन्यातच आणून ठेवले होते, बर्फात, एखादा दागिना जपावा तसे. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याचे डोस. वर्षाने नातीचे रक्त तपासले. तिच्यात विषाणू नाही. आईकडून आलेली साखळी त्या पोरीपाशी तुटली. ती आता दहावीच्या आगेमागे आहे, मला उलटून बोलते.

दारूचे बोलायचे राहिले, असे समजू नका. भावाला विषाणू होता आणि तो पीतही होता, दोन्ही मिळाल्यावर यकृत फार लवकर गेले, त्याला सिरॉसिस झाला. आता सोडली आहे. आपला जिल्हा उसाचा. उसाची साखर, साखरेच्या मागे मळी, मळीची दारू. कारखान्याच्या पैशावर शाळा-कॉलेजे उभी राहिली हे मी नाकारत नाही, पण मळी कुठे जाते हेही बोलले पाहिजे. आडव्या बाटलीसाठी ज्या बायका गावोगाव झटल्या त्यांना माझा नमस्कार. २००८ च्या नियमाने गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते, ही मोठी ताकद आहे. माझे एवढेच म्हणणे आहे, की प्रचारात यकृत दाखवताना 'हे दारुड्याचे यकृत' एवढेच म्हणू नका. समोर बसलेल्या बाईला वाटते, माझा काही संबंध नाही. आणि कष्टाच्या कामावरच्या ज्या बायका संध्याकाळी थोडी घेतात, त्यांना सांगा की तेवढ्याच दारूने बाईचे यकृत पुरुषापेक्षा लवकर बिघडते. रागावून नको, नीट सांगा.

उसाची दुसरी बाजू साखर. हल्ली सोनोग्राफीला गेले की कागदावर लिहून येते, फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणतात काही नाही, सगळ्यांनाच असते. सगळ्यांना असते हे खरे, काही नाही हे खरे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण धरले होते. मधुमेह, कमरेचा घेर आणि यकृतातली चरबी या एकाच घरच्या बहिणी. दारूचा थेंब न घेता यातून सिरॉसिस होतो, कॅन्सरही होतो. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढते. सत्तर किलोच्या बाईचे पाच-सात किलो उतरले तर चरबी कमी होते, हा भाग आपल्या हातात आहे. पण चालायला जा म्हणणे सोपे. जिला सकाळी पाचला धार काढायची आहे ती कधी चालणार? आणि उरलेले अन्न फेकायचे नाही म्हणून शेवटी कोण खाते? दिवसाला सहा कप गोड चहा कोण पिते? त्यातली साखर तरी कमी करा. विडी-सिगारेट यकृतालाही घातक, हे जाता जाता.

तसेच दाण्यांचे. शेंगा ओल्या राहिल्या, पोत्यात दमट झाल्या की बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते, ते भाजून-तळून पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा-पंचमहाल भागात, अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. नोंदलेल्या ३९७ आजाऱ्यांतले १०६ मेले, गावातली कुत्रीही मेली. ते एकदम झाले म्हणून दिसले. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कॅन्सर, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका कितीतरी पटीने. आपल्याकडे निवडून चांगले दाणे बाजारात, बरे दाणे पोरांना, आणि काळे-कुबट कुटात घालून आपण. मिरचीचेही तेच, चटणीच्या दिवसांत बुरसलेली मिरची उन्हात टाकली की चांगली झाली असे आपण धरतो. ती फेका. मन होत नाही, मला माहीत आहे.

आता कामाचे. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. बी आणि सी ची तपासणी आणि औषधे त्यात मोफत आहेत. सरकारी जिल्हा रुग्णालयात, आपल्याकडे सीपीआरमध्ये, जाऊन चौकशी करा. सी वर बहुधा बारा आठवडे गोळ्या, शंभरात पंचाण्णव बरे होतात. बी मुळापासून जात नाही, पण गरज असेल त्याला रोजच्या गोळीने आवरता येतो. मी घेते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी करते, गाठ आली तर लिंबाएवढी व्हायच्या आत सापडावी म्हणून. आक्काची कुणी अशी केली असती तर, हे मी मनात आणते आणि सोडून देते.

एक सांगायचे राहिले. यकृत बदलायची वेळ आली की जिवंतपणी आपला तुकडा देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायको देते, आई देते, बहीण देते. द्यावे की नाही ते तिचे तिने ठरवावे. पण ठरवायच्या आधी तिचे स्वतःचे यकृत कसे आहे हे तिला माहीत असावे, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या निमित्ताने नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

टेबलावर कागद ठेवला आहे. पुढच्या मंगळवारी मी तपासणीला जाणार आहे, ज्यांना सोबत यायचे त्यांनी नाव घाला. नाव घालायचे नसेल तर सकाळी साडेनऊला एस.टी. स्टँडवर या, मी हिरव्या छत्रीत उभी असेन. आता प्रश्न विचारा. पण आधी मागच्या बाकावरच्या त्या लेकुरवाळीला पाणी द्या कुणीतरी, मघापासून पोर रडते आहे.